कालवा

सत्तावीस वेळा गेले हे पनामातून.
मी मोजलंय,
कारण दर खेपेला एक पत्र यायचं.
"कालवा पार झाला. चष्मा फुटला."
"कालवा पार झाला. पडवीची कौलं परतून घे."
लग्नाच्या दुसऱ्या वर्षी पहिलं पत्र आलं,
ते सासूला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली,
"एवढ्या लांब जाऊन कालवंच खाल्लान?"

तिचं काय चुकलं?
दाभोळात कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली,
सुकतीला कोयतीनं फोडून काढायची,
बोटं कापून घ्यायची, वाटणात शिजवायची.
ती कशी असतात ते मला ठाऊक.
तो कसा असतो
हे यांनी एकदाही लिहिलं नाही.

मग मोईननं तिकिटं काढली.
अकरा मजल्यांची बोट,
आत फुलझाडं, न्हाणीघरात दोन नळ,
आणि पहाटे सहाला भोंगा:
सगळे वर या, कालवा आला.

मी गेले. रेलिंगला गर्दी,
जो तो हात उंच करून फोटो काढणारा.
मागे लोखंडी दारं मिटली
आणि आम्ही वर जाऊ लागलो,
धक्का नाही, आवाज नाही,
खापरोळी फुगते तशी बोट वर.
दोन्ही काठांना रुळांवरची बुटकी इंजिनं
दोर ताणून चाललेली,
नवरीच्या दोन बाजूंना करवल्या जशा.
मी म्हटलं, अहो, बघा तरी,
आणि शेजारी बघते तर
कुणी गोरी म्हातारी, माझ्याकडे बघून हसणारी.

हे नव्हतेच.

शोधत शोधत खाली गेले,
गालिचा संपला, भिंतींचा रंग संपला,
प्रवाशांना बंदी असलेल्या दारापाशी
हे उभे, नवी पांढरी टोपी घालून,
पत्र्याला कान लावून.
बाजूला एक फिलिपिनो पोरगा,
हाकलावं की खुर्ची आणावी
हे न कळून उभा.

"वर चला."
"थांब. आता डेड स्लो."
आणि पायाखालची थरथर खरंच मंदावली.
"वर काय आहे?"
मी सांगितलं: पाण्याचा जिना आहे.
आपण त्याच्या पायऱ्या चढतोय.
"अस्सं," म्हणाले.
"आम्ही नुसती घंटा ऐकायचो.
तेलात हात, पन्नास डिग्री,
वरून हुकूम यायचा, आम्ही द्यायचो.
चढलो की उतरलो, कुणी सांगितलं नाही."
मग दाराला हात लावून, हळू:
"आता गोडं पाणी लागलं बघ.
घसा बदलला तिचा."

मला काही बदललेलं कळलं नाही.
तरी मीही कान लावला.
तिसरं दार मिटताना मी पाहिलंच नाही.
मोईनचे तिकिटाचे पैसे
तेवढे फुकट गेले असं कुणी म्हणेल.
म्हणू दे.

परतताना धोपाव्याला फेरीबोटीत चढलो.
लोक काठाला उभे, हे धुराड्याजवळ.
पालशेतकरांच्या भैरूला म्हणाले,
"तुझा एक नोझल गळतोय."
भैरू म्हणाला, "चाचा, ही तुमची अमेरिका नव्हे."
दुसऱ्या दिवशी बोट मधेच बंद पडली,
वाशिष्ठीत, दोन जीप आणि एक नवरदेव घेऊन.
हे ओट्यावर बसून होते. काही बोलले नाहीत.
चहा मात्र दोनदा मागितला.

जैनब कालवं घेऊन आली, विचारत होती,
कसा होता गं तो कालवा?
मी म्हटलं, वरून पाहिलास तर जिना,
खालून ऐकलास तर
उचकी लागलेलं मूल निजवताना
जसं थोपटतात ना, तसा.
ती म्हणाली, फोटो दाखव.
फोटोत मी आहे, ती गोरी म्हातारी आहे.

परवा रात्री विहिरीवरचा पंप लावला.
हे झोपेत उठून बसले,
"स्टँडबाय" म्हणाले,
आणि आडवे झाले पुन्हा.

टाकी भरून वाहायला लागली
तरी मी पंप बंद केला नाही.